कैरी गेली, अंडी राहिली

वाचकाचं पत्र, थोडक्यात : अमेरिकेत फ्लोरिडात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. बारा वर्षांच्या लेकीच्या हट्टाखातर त्यांनी जानेवारीत एका हौशी माणसाकडून व्हेल्ड शॅमेलिऑनची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या एका जातीची, मादी घेतली. 'साधारण वर्षाची आहे,' एवढंच त्याने सांगितलं. लेकीने तिचं नाव ठेवलं कैरी. जूनमध्ये कैरीने खाणं सोडलं. ती पिंजऱ्याच्या तळाशी उतरून कोपरे ओरबाडू लागली, आणि मग भर दिवसा डोळे मिटून बसू लागली. लेक शुक्रवारीच डॉक्टरकडे नेऊया म्हणत होती. आई म्हणाली, सोमवारची वेळ मिळाली आहे, तोवर थांबू. शनिवारी सकाळी पिंजऱ्याच्या उघड्या तळावर १४ अंडी विखुरलेली दिसली. रविवारी पहाटे कैरी गेलेली होती. तिच्या पोटात आणखी अंडी असल्याचं हाताला कळत होतं. लेकीने ती १४ अंडी टिश्यू पेपर घालून आपल्या शाळेच्या डब्यात ठेवली. बाबा म्हणतात, नर नव्हताच, अंडी पोकळ आहेत, टाकून द्या. सांगलीहून सासूबाई फोनवर म्हणतात, आईविना पोरकी लेकरं ती, जगवा. ओळखीच्या एकाने पोट चिरून उरलेली अंडीही काढून घ्या असं सुचवलं. लेक आईशी बोलेनाशी झाली आहे. ताई विचारतात : अंडी वाचवायची का? वाचवायची तर कशी? आणि कैरी आमच्यामुळे गेली का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र रविवारी रात्री आलं, आणि अंड्यांना वेळ नसतो म्हणून त्याच रात्री मी चार ओळी पाठवल्या होत्या. अंडी टिश्यूतून काढून ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (कुंड्यांत घालतात ते हलकं, पाणी धरून ठेवणारं खनिज) ठेवा, काढताना फिरवू नका. कैरीला दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. घरी पोट चिरू नका, सोमवारची वेळ रद्द न करता तिला तशीच डॉक्टरकडे न्या. तुम्ही तसं केलंत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोटात आणखी २२ अंडी अडलेली होती. आता तीन आठवडे झालेत. १४ पैकी नऊ अंडी पिवळी पडून बसली, ती तुम्ही काढलीत. पाच अजून पांढरी आहेत. आता जरा निवांत बोलू या, कारण अशाच प्रसंगात सापडलेल्या आणखी तिघांची पत्रं माझ्यासमोर आहेत.

सासूबाईंच्या 'पोरकी लेकरं' या शब्दांपासून सुरुवात करते. ते शब्द मायेतून आलेत आणि तुमच्या मनावर सगळ्यात जास्त ओझं त्यांचंच दिसतं.

माझं आजोळ सासवडजवळ. तिथे बांधावरच्या बोरीवर घोयरा दिसायचा. आपल्याकडचा शॅमेलिऑन तो, तुमच्या कैरीचा देशी भाऊबंद. पावसाळा सरत आला होता तेव्हा एके दुपारी एक मादी झाडावरून खाली उतरली आणि बांधाच्या मऊ मातीत पुढच्या पायांनी उकरायला लागली. मुलं दगड घेऊन धावली, कारण गावात घोयऱ्याला विषारी समजतात. तो विषारी मुळीच नसतो. आजीने सगळ्यांना मागे ओढलं आणि दुरून बघायला बसवलं. दुपार कलेपर्यंत ती उकरत होती. मग बिळात दिसेनाशी झाली. बाहेर आली तेव्हा तिच्या कुशी आत गेल्या होत्या, कातडीला वळ्या पडल्या होत्या. तिने माती परत आत लोटली, मागच्या पायांनी दाबली, आणि एकेक पाऊल डुलत झाडाकडे निघून गेली. त्या बांधाकडे तिने पुन्हा पाहिलंही नाही.

अंडी घालणाऱ्या शॅमेलिऑनची आई ही अशी असते. ती अंड्यांवर बसत नाही, राखण करत नाही, पिल्लांची आणि तिची गाठही पडत नाही. पिल्लं महिनोन्‌महिन्यांनी स्वतःच माती उकरून वर येतात आणि पहिल्या दिवसापासून आपली आपण शिकार करतात. म्हणजे ताई, कैरी जगली असती तरी तिने या अंड्यांसाठी पुढे काहीही केलं नसतं. ती गेल्यामुळे अंड्यांचं मातृछत्र गेलेलं नाही, ते त्यांना नसतंच. आईचं सगळं काम त्या एका बिळात संपतं. कैरीला ते बीळ करता आलं नाही, एवढंच इथे राहून गेलंय. म्हणून तुम्हाला त्या अंड्यांची आई व्हायचं नाही. तुम्हाला त्यांची माती व्हायचंय, तीही व्हायचं ठरवलंत तर. ही जबाबदारी त्या मानाने हलकी आहे.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. नर नव्हता म्हणून अंडी पोकळ, हे बहुतेक वेळा बरोबर असतं. पोल्ट्रीतली कोंबडी कोंबड्याविना रोज अंडं देते, तशी व्हेल्ड शॅमेलिऑनची मादीही नराविना अंडी घालते. चार-सहा महिन्यांची झाली की सुरुवात होते, आणि एका वेळी वीस-तीसपासून पन्नास-साठपर्यंतही अंडी होतात. खूप लोकांना हे ठाऊकच नसतं. 'आमची एकटीच आहे, अंड्यांचा प्रश्न नाही,' असं म्हणतच ते तिला घरी आणतात.

पण कैरीच्या बाबतीत एक धागा सुटतोय. ती तुमच्याकडे आली तेव्हा वयात आलेली होती, आणि आधीच्या मालकाकडे नर होता की नाही हे तुम्हाला माहीत नाही. या जातीची मादी नराचं बीज शरीरात महिनोन्‌महिने साठवून ठेवते. एकदा संग झाला की त्यानंतरच्या दोन-तीन खेपांची अंडीसुद्धा फळलेली निघू शकतात. तेव्हा त्या माणसाला एक साधा प्रश्न विचारा : ती कधी नरासोबत होती का? उत्तर 'नाही' आलं आणि तुमचा त्यावर विश्वास बसला, तर तुमच्या यजमानांचं खरं धरा. मग त्या पाच अंड्यांवर लेकीला सहा-नऊ महिने झुलवत ठेवू नका. 'हो' किंवा 'आठवत नाही' आलं, तर पुढचं वाचा.

आज ती अंडी फळलेली आहेत की नाहीत हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकू नका. व्हेल्ड शॅमेलिऑनचं अंडं बाहेर येतं तेव्हा आतला गर्भ अगदी आरंभीच्या अवस्थेत असतो, आणि पुढचे सुमारे दोन महिने तो जवळजवळ तिथेच थबकलेला असतो. अंधारात टॉर्च लावून पाहिलंत तरी या काळात काही दिसणार नाही. तुमची मुलगी रोज रात्री डबा उघडून टॉर्च मारते असं तुम्ही लिहिलंय. तिला सांगा, गणपती झाल्यावर एकदा बघू. तेव्हा आत तांबूस शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. तोवर एकच खूण : फळलेलं अंडं पांढरं आणि टणटणीत राहतं आणि हळूहळू फुगतं. पोकळ अंडं पिवळं पडतं, बसतं, बुरशी धरतं. पाच अंडी तीन आठवडे पांढरी आहेत ही चांगली गोष्ट आहे, पण ती बातमी नव्हे.

पोट चिरण्याबद्दलही सांगते, कारण बाकीच्या पत्रांतला मुख्य प्रश्न तोच आहे. मादी अंडी पोटात घेऊन गेली, तिचा नराशी संबंध आलेला होता हे पक्कं माहीत आहे, आणि अंड्यांना कवच धरलेलं आहे, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर पहिल्या काही तासांत ती काढून देऊ शकतो. त्यातली काही क्वचित जगतातही. जितका वेळ जाईल तितकी आशा कमी, कारण मेलेल्या शरीरात अंड्यांना प्राणवायू मिळत नाही आणि शरीर आतून नासायला लागतं. कवच न धरलेली, मऊ पिवळ्या गोळ्यांसारखी असतात ती अंडी नव्हेतच. ती कधीच उबणार नाहीत. घरच्या कात्रीने, तेही लेकीसमोर, हे करू नये असं मला ठामपणे वाटतं. दिवसभर फ्रिजमध्ये राहिलेल्या कैरीच्या पोटातली ती २२ अंडी सोडून दिलीत, त्यात तुमची काही चूक झाली नाही.

पाच अंडी ठेवायची ठरवलीत तर त्यांची माती कशी असावी, ते नीट लिहिते. व्हर्मिक्युलाइट मुठीत घेऊन घट्ट दाबा. त्याचा लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. एखादा थेंब आला तर चालेल. धार आली तर जास्त झालं, त्यात कोरडं मिसळा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला टाचणीने तीन-चार भोकं पाडा. अंगठ्याने खळगे करा, दोन खळग्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा, आणि प्रत्येक खळग्यात अंडं अर्धं बुडेल असं ठेवा. ही अंडी आकाराने मोठ्या शेंगदाण्याएवढी, दिसायला खडूसारखी, पण बोटाला रबरासारखी लागतात. ज्या बाजूने ती आहेत तीच बाजू वर राहू द्या, आणि मऊ पेन्सिलीने वरच्या अंगाला बारीक ठिपका द्या. कधी हलवावं लागलं तर ठिपका वर. पक्ष्यांची अंडी फिरवावी लागतात, ही फिरवली तर आतला जीव बुडतो.

हा डबा अंधाऱ्या कपाटात, २४ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. फ्लोरिडातल्या एसी घरात एवढं तापमान मुद्दाम काही न करता मिळतं. फक्त तो डबा एसीच्या झोताखाली, खिडकीत किंवा फ्रिजच्या मागे नको. इन्क्युबेटर विकत घ्यायची घाई करू नका. स्वस्तातल्या यंत्रांचा काटा वर सरकून अंडी शिजण्याचा धोका मला जास्त वाटतो. या जातीच्या अंड्यांना थंडावा एकवेळ सोसतो, उष्णता सोसत नाही.

पाणी किती उरलंय ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. आज झाकणासकट डब्याचं वजन करून वहीत लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा करा. जितके ग्रॅम घटले तितकं कोमट पाणी कडेकडेने सोडा, अंड्यांवर नाही. त्याच वेळी झाकण मिनिटभर उघडं ठेवा, हवा बदलेल. अंड्याला खळी पडली तर समजा माती सुकलीय. एखाद्याने बुरशी धरली आणि ते बसलं तर ते उचलून टाका, बाकीच्यांना हात लावू नका.

एवढंच. सहा ते नऊ महिने, कधी थोडे जास्तही. तुमच्या हिशोबाने डिसेंबर ते मार्च. मधल्या काळात करण्यासारखं फारसं काही नसतं आणि खरं अवघड तेच असतं. फार माया करणाऱ्यांच्या हातून जास्त अंडी वाया जातात, कारण त्यांना डबा उघडल्याशिवाय राहवत नाही.

एक राहिलं. मुलीचा तो शाळेचा डबा आता खाण्यासाठी वापरू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि अंड्यांवर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. अंडी हाताळली की साबणाने हात धुवायचे, आणि वजनकाट्यावर डबा ठेवण्याआधी खाली कागद घालायचा.

पण ताई, 'कसं' हा सोपा प्रश्न होता. 'ठेवायची का' याचं उत्तर पिल्लांचं काय करणार यावर आहे. पाच अंड्यांतून समजा तीन निघाली. त्यांची लांबी जेमतेम बोटाएवढी असते. त्यांना रोज जिवंत फळमाश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे लागतात, पानांवर दिवसातून अनेकदा पाण्याचे थेंब लागतात, उन्हासारखे अतिनील किरण देणारा यूव्हीबी दिवा लागतो. शॅमेलिऑन एकलकोंडे. दोन-तीन महिन्यांत एकमेकांकडे बघूनच ते ताणाने खंगतात, म्हणून तीन पिल्लांना तीन पिंजरे. आणि त्यातली जी मादी असेल ती वर्षभरात तुम्हाला पुन्हा याच प्रसंगाशी आणून उभी करेल, फक्त यावेळी तयारी असेल.

म्हणून मी म्हणेन, अंडी ठेवायची तर आजच तिघांनी बसून आकडा ठरवा. एक ठेवू, फार तर दोन. बाकीची कुणाला देणार, त्याचं नाव आज वहीत लिहा. असा कुणी मिळत नसेल तर पाचातली दोनच अंडी ठेवायची आणि तीन फ्रीझरमध्ये घालायची हाही रास्त मार्ग आहे. मला माहीत आहे, हे वाक्य वाचून तुम्हाला चर्र झालं असेल. पण इतक्या आरंभीच्या अवस्थेतला गर्भ थंडीत थांबतो, त्याला यातना होण्याइतकी मज्जासंस्थाच घडलेली नसते. अंडी टाकणं आणि जीव घेणं एक नव्हे. तुमच्या यजमानांनी 'टाकून द्या' म्हटलं त्यात तुम्हाला कठोरपणा दिसला. मला त्यात मुलीने दुसऱ्यांदा रडू नये ही धडपडही दिसते. त्यांना विचारून बघा.

जो मार्ग अजिबात नाही, तोही सांगते. पिल्लं जास्त झाली म्हणून फ्लोरिडाच्या झाडावर सोडायची नाहीत. ही जात मूळची येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातली. फ्लोरिडात पाळीव म्हणून आलेले आणि सुटलेले व्हेल्ड शॅमेलिऑन आधीच रानात वाढताहेत. परक्या जाती मोकळ्या सोडणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. हवाईचं उदाहरण तर फार बोलकं आहे. १९७२ साली ओआहू बेटावरच्या एका दुकानदाराने केनियाहून जॅक्सन शॅमेलिऑन मागवले. प्रवासाने दमलेल्या त्या प्राण्यांना जरा बरं वाटावं म्हणून त्याने बागेत ठेवलं आणि ते पांगले. होते काही डझन. आज त्यांचे वंशज अनेक बेटांवर आहेत आणि तिथले मूळचे किडे, गोगलगायी खातात. त्या माणसाच्या मनात दयाच होती.

आता तुमचा तिसरा प्रश्न. कैरी आमच्यामुळे गेली का?

मी तुम्हाला 'छे छे, तुमचा काय दोष' म्हणणार नाही, कारण तुमची मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिला सगळं समजतं. कैरी अडली होती. गाय अडते, बाई अडते, तशी शॅमेलिऑनची मादीही अडते. कारणं बहुधा ठरलेली असतात. अंडी घालायला माती नसणं, अंगात कॅल्शियम कमी असणं, पाणी कमी पडणं, यूव्हीबी दिवा जुना झालेला असणं. पिंजऱ्यात मातीची पेटी नव्हती असं तुम्हीच लिहिलंय. जागा मिळेना म्हणून ती तळाचे कोपरे ओरबाडत होती. शेवटी नाइलाजाने १४ अंडी उघड्यावर टाकली आणि बाकीची आत राहिली. दिवसा डोळे मिटून तळाशी बसलेला शॅमेलिऑन सोमवारपर्यंत थांबत नाही, त्याला त्याच दिवशी न्यावं लागतं. त्या अवस्थेत डॉक्टर एक्स-रे काढतात, पाणी आणि कॅल्शियम देतात, गरज पडली तर औषधाने अंडी पाडतात किंवा शस्त्रक्रिया करतात. शुक्रवारी नेलं असतं तर ती वाचलीच असती असं नाही. शक्यता होती.

हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. मादी विकताना मातीच्या पेटीबद्दल न बोलणं ही त्याची चूक, आणि मला तिचा राग आहे. तुमच्या वाट्याला येतं ते न ओळखणं. निष्काळजीपणा निराळा. तुम्ही वेळ घेतली होती, त्या अवस्थेत तिला पाणी पाजत होतात. न ओळखल्याचं दुःख असतं, ते राहील. पण त्याची शिक्षा म्हणून नऊ महिने पाच अंडी उराशी बाळगायची असं नसतं. तुमच्या पत्रात 'निदान अंडी तरी वाचवली पाहिजेत' हे वाक्य तीनदा आलंय. त्यातला 'निदान' हा शब्द मला खटकला. ही अंडी कैरीची भरपाई नाहीत. ती जगली म्हणून चूक पुसली जाणार नाही आणि ती बसली म्हणून चूक दुप्पट होणार नाही.

मुलीशी बोलताना सोमवारचं समर्थन करू नका. 'मला ओळखता आलं नाही. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं,' एवढंच सांगा आणि गप्प बसा. ती रागावेल, कदाचित दार आपटेल. चालेल. 'कैरी आता तिच्या बाळांच्या रूपाने परत येणार' असं मात्र कुणी म्हणू नये, आजीनेही नाही. सासूबाईंना फोनवर तेवढं समजावून सांगा. ते म्हटलं आणि डिसेंबरात काही निघालं नाही, तर त्या मुलीची कैरी दुसऱ्यांदा जाईल.

त्याऐवजी तिला एक खरी गोष्ट सांगा. मादागास्करच्या नैर्ऋत्येच्या कोरड्या रानात लाबोर्डचा शॅमेलिऑन राहतो. पहिल्या पावसाबरोबर नोव्हेंबरात सगळी पिल्लं जवळजवळ एकदम अंड्यांतून बाहेर येतात, दोनेक महिन्यांत मोठी होतात, अंडी घालतात, आणि मार्चपर्यंत सगळीच्या सगळी मरतात. बाहेरचं आयुष्य चार-पाच महिन्यांचं, अंड्यातलं आठ-नऊ महिन्यांचं. वर्षातला मोठा काळ त्या रानात त्या जातीचा एकही मोठा प्राणी नसतो, असतात ती फक्त मातीखालची अंडी. हे २००८ साली अभ्यासकांनी मांडलं. तुमच्या लेकीला ही गोष्ट आवडेल असं मला वाटतं. शॅमेलिऑनच्या जगात आई जाणं आणि अंडी मागे राहणं यात अघटित काही नाही, हे तिला माझ्या-तुमच्या समजावण्यापेक्षा त्या रानाकडून जास्त पटेल.

वजनाची वही तिच्याकडे द्या, कपाट तुमच्याकडे ठेवा. पंधरा दिवसांनी दोघींनी मिळून उघडायचं. अंडं बसलेलं दिसलं तर तिच्यापासून लपवून टाकू नका, तिला दाखवून टाका. आणि वाट बघण्याच्या या काळात दुसरा शॅमेलिऑन आणू नका, कुणी फुकट दिला तरी.

ज्यांच्या घरी मादी आज जिवंत आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ती चार महिन्यांची झाली की पिंजऱ्यात एक फूट लांब, एक फूट रुंद आणि किमान एक फूट खोल अशी ओल्या वाळू-मातीची पेटी कायमची ठेवा. बोट खुपसून काढल्यावर भोक ढासळलं नाही पाहिजे, इतपत ओल हवी. ती उकरायला लागली की पिंजऱ्याला कापड टाका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती बीळ अर्धवट सोडते. मोठ्या मादीला रोज पोटभर किडे घालू नका, दिवसाआड मोजके घाला, त्याने अंडीही कमी होतात. आणि सरपटणाऱ्यांचा डॉक्टर आजारपणाआधीच शोधून ठेवा. अमेरिकेत असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स या संस्थेची यादी त्यासाठी उपयोगी पडते.

महाराष्ट्रातल्या एका वाचकाने रस्त्यावर गाडीखाली आलेल्या घोयऱ्याच्या पोटातली अंडी घरी आणून उबवू का, असं विचारलंय. दादा, तुमची तळमळ कळते, पण घोयरा हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो किंवा त्याची अंडी घरी ठेवता येत नाहीत. वनविभागाला १९२६ वर फोन करा. परदेशी जातीचा शॅमेलिऑन भारतात पाळणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात.

ताई, कैरीला कुठे ठेवायचं हेही तुम्ही विचारलं होतं. तिच्या पिंजऱ्यात जास्वंदीचं रोप होतं आणि ती त्याची पानं खायची, असं तुम्ही लिहिलंय. ते रोप मोठ्या कुंडीत हलवा आणि तिला खोल, त्या मुळांखाली ठेवा. हे काम लेकीला करू द्या.

आणि टॉर्च लावल्यावर खरंच शिरा दिसल्या, तर दिवाळी झाली की मला कळवा. फळमाश्यांची बाटली पिल्लं निघायच्या आधी दोन-तीन आठवडे लावावी लागते. ती घरच्या घरी कशी लावायची ते मी लिहून पाठवते. अंड्यावर दवासारखे थेंब दिसायला लागले की हातात दिवस-दोन दिवसच असतात. पिल्लू कवच फोडून अर्धं बाहेर येऊन तासन्‌तास तसंच बसून राहतं. तेव्हा मुलीला सांगून ठेवा, ओढायचं नाही.